न निघालेली चिठ्ठी

रजिस्टरात खोटं लिहायचं नाही, हा माझा नेम आहे. नऊ वर्षं झाली मला आशाचं काम करून. कवठाळवाडीत एकशे चौसष्ट उंबरे आहेत. कोण पोटुशी आहे, कुणाला बीपीची गोळी चालू आहे, कुणाचं पोर पोलिओच्या दिवशी माळवदावर जाऊन लपतं, सगळं मला तोंडपाठ. उपकेंद्राच्या सिस्टर म्हणतात, "वर्षाराणी, तुझं रजिस्टर बघून मी माझं दुरुस्त करते." म्हणूनच हे मी सर्व्हेच्या रजिस्टरातच, मागच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवते आहे. दुसऱ्या कुठल्या वहीत लिहिलं तर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

आज २९ मे, गुरुवार, दुपारचे अडीच. लाइट गेलेली आहे. ऋतुजाचे पप्पा, म्हणजे माझे मालक, ओसरीत बसून बाजेची सुतळी आवळून राहिलेत. मला ते इथून दिसतात. हे आधी लिहून ठेवते.

रेणापूर फाट्यावरून आत सात किलोमीटर आलं की पहिल्यांदा महादेवाचं देऊळ लागतं, मग बसलिंगप्पांचं दुकान, मग शाळा, आणि गावाच्या उगवतीला आमचं मिशन. मिशन म्हणजे काळ्या दगडाचं, वर पत्रे घातलेलं चर्च. मागं चिंच, चिंचेच्या मागं कबरस्तान. आमची ख्रिश्चनांची अडतीस घरं त्याच अंगाला आहेत. फादर लातूरहून रविवारी आणि सणावाराला येतात. बाकीचे दिवस श्रीमंत मास्तर प्रार्थना चालवतात. मास्तरांनी सत्तरी ओलांडली, पण बायबल न बघता म्हणतात.

आमच्या चर्चला एक जुनी पद्धत आहे. ती लातूरला नाही, नांदेडला नाही. माझं माहेर मुदखेडचं, तिथंही मी कधी ऐकली नव्हती. इथं बारा माणसं असतात. त्यांना 'बारा' असंच म्हणतात. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी फादर त्यांचे पाय धुतात. मिशनमध्ये कोणी गेलं तर कबर तेच खणतात, पेटी तेच उचलतात. बारातल्या माणसाच्या घराला गावात एक वजन असतं, खोटं कशाला बोला.

त्यातला एखादा वारला, तर जागा लगेच भरत नाहीत. संत मथियाच्या सणाची, चौदा मेची वाट बघतात. बायबलात तसंच आहे. येशूला धरून देणारा यहूदा गेला, येशूच्या बारा शिष्यांतला एक कमी झाला, तेव्हा प्रेषितांनी दोन माणसं उभी केली आणि चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी मथियाची निघाली. ईस्टरच्या काळात येणारा हा सण बाकीच्या गावांत कुणाच्या ध्यानातही नसतो. आमच्याकडं त्या दिवशी घरोघर पुरण शिजतं.

अण्णाराव काका फेब्रुवारीत गेले आणि बारात जागा झाली. आमच्या घरचं नाव मी दिलं. हे पण लिहून ठेवते. ह्यांना काडीची हौस नव्हती. गवंडीकाम करतात, सोमवार ते शनिवार लातूरला साइटवर असतात, घरी आले की गप्प जेवतात.

"मला कशाला त्या भानगडीत घालून राहिलीस?" ते म्हणाले.

"का, तुमचे पाय काय धुण्यासारखे न्हाईत का?"

ते हसले आणि हो म्हणाले. माझ्यासाठीच हो म्हणाले ते, मला काय कळत नाही का.

दुसरं नाव दयानंदचं होतं. सत्तावीस वर्षांचा, ट्रॅक्टर चालवतो, गाणी चांगली म्हणतो. चिठ्ठी ज्याच्या त्याच्या घरी, घरच्या बाईनं लिहायची. मी पोलिओच्या फॉर्मचा कोरा कोपरा फाडला, निळ्या पेननं लिहिलं, चार घड्या घातल्या. आणि काढायची मिशनमधल्या सगळ्यांत म्हाताऱ्या विधवा बाईनं. यंदा ती आमच्याच घरची होती. माझी सासू, केवळाबाई. ह्यांची सख्खी आई.

त्या दिवशी ऊन एवढं होतं की पत्रे कडकड वाजत होते. फादरांनी मिस्सेची प्रार्थना केली. वेदीसमोर हे आणि दयानंद शेजारी शेजारी उभे राहिले. मास्तरांनी पितळी गडवा हलवला. आत्यांनी, मी सासूला आत्या म्हणते, वाकड्या बोटांनी एक चिठ्ठी काढली.

"दयानंद," मास्तरांनी वाचलं.

न निघालेली चिठ्ठी उघडत नाहीत. घडीसकट ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवर धरतात. मास्तरांनी धरली. कागद आधी पेटेना, काळा पडत राहिला, मग एकदम गेला. तोवर माणसांचा लोंढा दयानंदकडं आला. हार घातले, मिठ्या मारल्या. ह्यांना कोणी म्हटलं नाही की राहू द्या, पुढच्या वेळी बघू. ह्यांना वळसा घालून माणसं जात होती, खांब मध्ये असला की जातात तशी. मला राग आला. त्या दिवशी मला फक्त राग आला होता.

शुक्रवारी आम्ही दोघं बसलिंगप्पांच्या दुकानात गेलो. आप्पा कपाळाला भस्म लावून गादीवर बसलेले. त्यांच्या दुकानाची मागची भिंत ह्यांनीच बांधलीय, तीन वर्षांमागं. आप्पांनी मला साबण दिला आणि ह्यांच्याकडं बघून आदबीनं विचारलं, "कुठलं गाव म्हणायचं, पाव्हणं?"

हे हसले. "आप्पा, सकाळी सकाळी चेष्टा करून राहिले का?"

आप्पाही हसले, पण अनोळखी माणसाशी हसतात तसं. मग मला म्हणाले, "भाऊ का गं तुझा? मुदखेडचा?"

"आप्पा, चष्मा बदला आता."

"आत्ताच बदलला की बाई. उदगीरला जाऊन."

वाटेत मी आप्पांना लई नावं ठेवली.

शनिवारी रेशनला गेलो. मशीन ह्यांचा अंगठा घेईना. त्यात नवल काही नाही, सिमेंटनं बोटांच्या रेषा पार गेल्यात. पण दुकानदारानं स्क्रीन माझ्याकडं वळवली तर कार्डावर नावंच तीन होती. आत्या, मी, ऋतुजा. "ऑनलाइनमधून उडालं असंल, ताई," तो म्हणाला. "लई जणांची उडालीत. आधार घेऊन पुरवठ्याच्या हापिसात जावा." आधार मुकादमाकडं होतं, साइटच्या नोंदणीसाठी दिलेलं.

सोमवारी हे साइटवर गेले आणि दुपारच्याच बसनं परत आले. मुकादमानं हजेरीत घेतलं नाही म्हणे. "नवीन माणूस सध्या नको म्हणला," एवढंच सांगितलं. आठ वर्षं त्या मुकादमाकडं आहेत. आधारचं विचारलं तर तो म्हणाला, माझ्याकडं असलं काही न्हाई, दुसरीकडं बघा.

मी हात टेकून बसणाऱ्यातली नाही. एकेका गोष्टीला माझ्याकडं उत्तर होतं. आप्पांचं वय झालं, मशीन बिघडलं, मुकादमाला माणूस कमी करायचा होता. पण त्याच संध्याकाळी एक गोष्ट दिसली आणि तिला मला उत्तर सापडेना. आम्ही ओसरीत बसलो होतो. हिवतापाचं काम मी करते, डास मला नवे नाहीत. माझे हात, माझ्या पायांचे घोटे लाल झाले होते. आत्या पदरानं वारून वारून दमल्या. ह्यांची पाठ उघडी होती. डास घोंगावत यायचे, आणि त्यांच्यावरून तसेच पुढं जायचे. मी मोबाइलचा उजेड धरून पाठ बघितली. एक फोड नाही.

"काय बघून राहिलीस?" त्यांनी विचारलं.

"काही न्हाई. घामोळं बघत होते."

मंगळवारी मी लसूण सोलत होते. आत्या माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "वर्षे, त्यो माणूस कवा जाणार हाय?"

"कोण माणूस?"

"ओसरीतला. कामाला लावलाय का तू?"

"आत्या, असं काय करून राहिल्या? तुमचा ल्योक हाय त्यो."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांना माझी कीव आली होती, ते मला सगळ्यांत जास्त लागलं. "माझा ल्योक असता तर मी वळखलं नसतं का गं?"

म्हातारपणी डोकं कसं तपासायचं हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. मी वार विचारला, बरोबर. ऋतुजाचा जन्म कुठल्या दवाखान्यात झाला, बरोबर. कोंबड्या किती, बरोबर. अण्णाराव काकांच्या मातीला कोण कोण आलं होतं, नावं घेऊन सांगितली. एकही चूक नाही. मग मी विचारलं, "तुम्हाला ल्योक न्हाई, तर मी ह्या घरात सून कशी आले?"

आत्यांनी विचार केला. खरोखर केला, कपाळाला आठ्या पडल्या. "आलीस की," त्या म्हणाल्या. "कवाची हायस तू इथं."

हे सगळं ओसरीत ऐकू गेलं असणार. मी बाहेर आले तेव्हा हे पायरीवर बसून चपलेच्या पट्ट्याला खिळा ठोकत होते. वर बघितलं नाही.

आणि आज सकाळी मी हे रजिस्टर उघडलं. सिस्टरांना मेचा आकडा द्यायचा होता. पान एकतीस, घर क्रमांक अठ्ठ्याण्णव, आमचं घर. कुटुंबातील व्यक्ती: तीन. हा सर्व्हे एप्रिलचा आहे. चिठ्ठी टाकली त्याच्या महिनाभर आधीचा. अक्षर माझं, शाई माझी. खोडलेलं नाही, गिरवलेलं नाही. मी उठून बाहेर बघितलं, ते बाजेशी बसलेले होते. परत आले आणि शेवटच्या पानावर गावाची एकूण बेरीज तपासली. सातशे एकतीस. आमच्या घरची तीन माणसं धरली तरच ती जुळते.

माझ्या रजिस्टरात चूक नसते. मग चूक कुठं आहे? डोकं चालेना माझं. म्हणून लिहायला बसले.

१ जून, रविवार.

मिस्सा झाल्यावर श्रीमंत मास्तरांना चिंचेखाली गाठलं. म्हटलं, मास्तर, माझ्या लग्नाची नोंद दाखवा. त्यांनी कपाटातून जुनं पुस्तक काढलं. त्या पानाला कसर लागली होती. माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, मुदखेड, तारीख, सगळं नीट. डावीकडचा, नवऱ्याच्या नावाचा अर्धा भाग चाळणीसारखा झालेला.

"मास्तर, संत मथियाला तुम्ही गडव्यात चिठ्ठ्या किती टाकल्या?"

"दोन."

"एक दयानंदची. दुसरी कुणाची?"

मास्तरांनी दाढी खाजवली. "दुसरी... पद्धत हाय म्हणून टाकतो की आपण."

"कोरी?"

"कोरी कशी असंल? नाव असणार की तिच्यावर." त्यांचा चेहरा शाळेत उत्तर न आलेल्या पोरासारखा झाला होता. "मी जाळली न्हाई का ती? उघडायची नसते ती, बाई."

मी विचारलं, "तुम्ही बारात कवा आलात?"

"एकोणनव्वद साली. माझी चिठ्ठी निघाली."

"तवा तुमच्यासमोर कोण उभं होतं?"

त्यांनी पुस्तक मिटून काखेत धरलं. चिंचेवर कावळे ओरडत होते. "असंल की कोणी तरी," ते शेवटी म्हणाले. आणि मग, मी काही न विचारता, पुटपुटले, "बायबलात तरी कुठं हाय? मथियासमोर योसेफ उभा होता, बर्सबा म्हणायचे त्याला. चिठ्ठी निघाली आणि पुढं त्याचं नावच न्हाई. आपल्या कॅलेंडरात मथियाचा सण हाय. त्याचा न्हाई."

मग मी बीपी बघायचं निमित्त काढलं आणि संध्याकाळपर्यंत बारातल्या बाकीच्या अकराही जणांच्या घरी जाऊन आले. दंडाला पट्टा बांधायचा आणि गप्पांत विचारायचं, काका, तुमची चिठ्ठी निघाली तवा समोर कोण होतं? कुणी हसलं. कुणी बायकोला हाक मारून विचारलं. बायकोलाही आठवेना. दयानंद म्हणाला, "वहिनी, माझ्यासमोर कोणी न्हवतंच की." मी म्हटलं, मग चिठ्ठी काढली कशाला? त्यानं पट्टा सोडवायला दंड पुढं केला. त्याचं बीपी चांगलं होतं, एकशे वीस ऐंशी.

बारातल्या मृत्युंजयची चिठ्ठी निघाली तेव्हा मी स्वतः हजर होते. सहा वर्षं झाली. ऋतुजा माझ्या मांडीवर होती. दोन माणसं उभी होती, मला पक्कं आठवतं. मृत्युंजय दिसतो. त्याच्या शेजारी पांढरा सदरा दिसतो, इस्त्रीचा, वरचं बटण लावलेलं. त्याच्या वर काही दिसत नाही.

घरी येऊन रजिस्टर काढलं. मिशनमधल्या घरांची पानं बघितली. सात घरी पतीच्या रकान्यात मी आडवी रेघ मारलीय. मयत असेल तर मी मयत लिहिते. सोडून गेला असेल तर तसं लिहिते. ह्या सात घरी नुसती रेघ आहे, आणि नऊ वर्षांत मला कधी वाटलं नाही की विचारावं.

त्यातलं एक घर साखराबाईंचं. गल्लीच्या टोकाला आहे. दोन मोठे मुलगे आहेत त्यांना. मी गेले तेव्हा त्या चिंच फोडत होत्या.

"मावशी, तुमचे मालक कुठं असतात?"

"काय की गं," त्या सहज म्हणाल्या. "कवा इचारच केला न्हाई." चिंचोके काढत राहिल्या. मग त्यांचा हात थांबला, आणि त्या बराच वेळ दाराकडं बघत बसल्या. मी निघाले तरी तशाच होत्या.

२ जून.

ऋतुजा सुट्टीला मुदखेडला आजीकडं होती. आज माझा भाऊ तिला गावात शाळेपाशी सोडून गेला. हे तिला आणायला माझ्या आधी धावत गेले. दोन्ही हात पसरले. ती माझ्यामागं लपली. "आई, हे कोण काका?"

त्यांनी हात खाली घेतले. तिची पिशवी उचलली आणि आमच्यामागं दहा पावलं सोडून चालत आले.

४ जून.

आज मी आत्यांवर, गावावर कुणावरच चिडायच्या लायकीची राहिले नाही. संध्याकाळी भाकरी करायला बसले. आमच्या घरी नऊ लागतात, ह्यांनाच चार. थापून झाल्या, ताट वाढायला घेतलं आणि बघते तर टोपलीत पाचच. पीठ मी रोजच्या मापट्यानं घेतलं नव्हतं. हातांनीच कमी घेतलं होतं. मला न विचारता.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि रडले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात तोच होता, खरखरीत.

"माझं नाव घे बघू एकदा," ते म्हणाले.

बारा वर्षांत मी त्यांना नावानं हाक मारलेली नाही. आमच्यात कोण मारतं? अहो म्हटलं की भागतं. मोबाइलमध्ये पण 'ऋतुजा पप्पा' असंच सेव्ह आहे. मी तोंड उघडलं. जिभेवर काहीच आलं नाही. मी त्या चिठ्ठीवर काय लिहिलं होतं ते डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. पोलिओचा फॉर्म दिसतो, निळं पेन दिसतं, घड्या घालणारी माझी बोटं दिसतात. अक्षरं दिसत नाहीत. नाव लिहिलं होतं ना मी? का सवयीनं 'ऋतुजाचे पप्पा' असंच लिहिलं? कुणाला विचारू? ती तर जळाली.

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

ते हसले. सांगायला म्हणून त्यांनी श्वास घेतला. मग तो हळूहळू सोडला.

"सांगतो," ते म्हणाले. "उद्या सांगतो."

७ जून, शनिवार.

उद्या पेंटेकॉस्ट. ईस्टरचे दिवस उद्या संपतात. मोठी मेणबत्ती वेदीजवळून काढून बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी नेतात.

मी ठरवलंय. उद्या त्यांना माझ्याशेजारी बसवणार, बायकांच्या बाजूला. लाज गेली खड्ड्यात. मिस्सा संपली की उभी राहणार आणि सगळ्यांदेखत, फादरांदेखत सांगणार की हा माझा नवरा आहे. नाव नसलं तर नसू दे. ह्या माणसानं तुमच्या कबरी बांधल्यात, तुमच्या भिंती बांधल्यात, ह्याच्याकडं बघा. मला दुसरं काही नको. एकानं तरी म्हणावं, हो, हा आपल्यातला आहे.

त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं." त्यांचा पांढरा सदरा धुऊन वाळत घातलाय. तळहातावर पेननं लिहून ठेवलंय, उद्या उभं राहायचं. झोपताना त्यांचं मनगट धरून झोपणार आहे.

८ जून, रविवार.

मागची पानं आधीच भरलेली दिसतात, त्यामुळं उरलेल्या जागेत लिहिते. सोमवारी सिस्टरांना आकडे सांगायचेत: गरोदर माता पाच, नवीन जन्म एक, मृत्यू नाही.

पेंटेकॉस्टचा सण चांगला झाला. चर्च भरलं होतं. बायकांच्या बाजूला माझ्याशेजारी एक पाहुणा येऊन बसला होता. पांढरा सदरा, वरचं बटण लावलेलं. इथली पद्धत ठाऊक नसेल बिचाऱ्याला. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. शांतीचं चिन्ह देताना त्याला हात जोडले. त्याचे डोळे भरून आले होते. सणाच्या दिवशी होतं असं एखाद्याला.

मिस्सा संपल्यावर मी उभी राहिले. माझ्या तळहातावर तसं लिहिलेलं होतं, 'उभं राहायचं'. फादर थांबले, मास्तरांनी वळून बघितलं, सगळं चर्च माझ्याकडं बघत होतं. कशासाठी उभी राहिले ते काही केल्या आठवेना. छातीत उगाच धडधडत होतं. ऋतुजानं पदर ओढला. मी खाली बसले. उन्हानं होत असेल. उद्या स्वतःचंच बीपी बघायला पाहिजे.

दुपारी आत्या आणि ऋतुजा झोपल्या होत्या. दारात माणूस उभा दिसला. सकाळचाच पाहुणा.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. काही तरी बोलणार होता. मग म्हणाला, "पाणी मिळंल का, ताई?"

मी तांब्याभर दिलं. उंबऱ्याबाहेरच उभा राहून प्यायला. सगळं प्यायला.

रिकामा तांब्या घ्यायला मी हात पुढं केला, पण त्यानं तो माझ्या हातात दिला नाही. चपला काढून आत आला, न विचारता. चुलीकडच्या कोपऱ्यात गेला, मांडणीसमोर वाकला, आणि खालच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागं, तांब्या पालथा घातला. आमच्यात तो तिथंच पालथा घालतात. दारातून ती जागा दिसत नाही.

मग तो बाहेर गेला. मी दाराला आतून कडी घातली.